जंतांशी शरीराचा तह

गोवर एकदा येऊन गेला की सहसा आयुष्यात पुन्हा येत नाही. शरीर त्या विषाणूला ओळखून ठेवतं आणि पुढच्या खेपेला त्याला दारातच अडवतं. जंतांच्या बाबतीत मात्र असं होत नाही. म्हणून तर २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. फेब्रुवारीत ज्या मुलीनं गोळी चघळली, तिलाच ऑगस्टमध्ये पुन्हा चघळायला सांगतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा. जगात सुमारे १५० कोटी लोकांच्या पोटात मातीतून आलेले जंत आहेत. इतक्या जुन्या शत्रूशी लढायला शरीर शिकलं कसं नाही?

खरं तर ते शिकलं आहे, पण त्याचा धडा वेगळा आहे.

जिवाणू शरीरात शिरला तर पांढऱ्या पेशी त्याला गिळून पचवतात. आतड्यातला गोल जंत मात्र वीतभर किंवा त्याहूनही लांब असतो. तो लाखो पेशींचा बनलेला प्राणी आहे आणि त्याच्या अंगावर चिवट आवरण असतं. त्याला गिळेल अशी पेशीच नाही. त्याला जाळून काढण्याइतका दाह शरीरानं पेटवला, तर जंताआधी आपलंच आतडं, यकृत आणि फुप्फुस जायबंदी होईल. त्यामुळे इथं डावपेच बदलावे लागतात.

पहिली खबर आतड्याच्या अस्तरातून मिळते. तिथं टफ्ट पेशी नावाच्या तुरळक पेशी असतात. त्या शास्त्रज्ञांना अनेक दशकं माहीत होत्या, पण त्यांचं काम काय ते कळत नव्हतं. २०१६ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून ते उलगडलं. जिभेवर चव ओळखणाऱ्या पेशींत जी यंत्रणा असते, तशीच या पेशींत असते. जंताची चाहूल लागताच त्या इंटरल्यूकिन-२५ हा रासायनिक निरोप धाडतात. तो मिळालेल्या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्यूकिन-१३ सोडतात आणि त्यानं आतड्याचा सगळा कारभारच बदलतो. चिकट स्राव वाढतो, पाणी सुटतं, आतड्याचे स्नायू जोरानं आकुंचन पावतात, अस्तराच्या पेशी भराभर झडून नव्या येतात. जंताला मारण्यापेक्षा त्याला चिकटायला जागा मिळू नये आणि त्यानं वाहून बाहेर पडावं, असा हा सगळा बेत असतो.

पण सगळे जंत मुकाट आतड्यात बसत नाहीत. मातीतून हाताला लागलेलं गोल जंताचं अंडं पोटात गेलं की त्यातून निघालेली अळी आतड्याची भिंत भेदते. रक्तावाटे ती यकृतात आणि तिथून फुप्फुसात पोहोचते, श्वासनलिकेतून घशाशी चढते, गिळली जाते आणि मगच आतड्यात वाढून मोठी होते. आकड्या जंताची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते. उती पोखरत जाणाऱ्या या अळ्यांसाठी वेगळी फौज लागते. त्यात आयजीई नावाची प्रतिपिंडं असतात आणि इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी असतात.

इओसिनोफिल हे नाव आपल्यातल्या अनेकांनी रक्ताच्या रिपोर्टवर वाचलं असेल. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८७९ मध्ये या पेशींचं वर्णन केलं. इओसिन या लाल रंगानं त्या उठून दिसतात, म्हणून हे नाव. त्यांच्या आत जहाल प्रथिनांचे कण भरलेले असतात. अळीला प्रतिपिंडं चिकटली की इओसिनोफिल तिला घेरून ते कण तिच्यावर रिते करतात. रिपोर्टमध्ये या पेशींचा आकडा वाढलेला दिसला की डॉक्टर दमा, ॲलर्जी यांच्याबरोबर जंतांबद्दलही विचारतात, ते यामुळेच. अळ्या फुप्फुसातून जात असताना काहींना कोरडा खोकला येतो, छातीत घरघर होते. त्यातला मोठा वाटा या लढाईचा असतो.

आयजीईचा शोध १९६० च्या दशकात लागला, तोही ॲलर्जीचा अभ्यास करताना. परागकणांनी शिंका आणणारं आणि धुळीनं दमा उसळवणारं हे प्रतिपिंड मुळात जंतांसारख्या परजीवींसाठी घडलं असावं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

एवढी सज्जता असूनही जंत वर्षानुवर्षं टिकतात, कारण तेही गप्प बसत नाहीत. त्यांच्या अंगातून सतत अशी द्रव्यं स्रवतात, जी आपल्या प्रतिकारशक्तीला शांत राहायला सांगतात. उंदरांतल्या एका जंताचं प्रथिन तर प्राण्यांच्या शरीरातल्या एका दाहशामक निरोपाची थेट नक्कल करतं. शरीरही आपल्या बाजूनं नियामक टी पेशी वाढवतं, इंटरल्यूकिन-१० सोडतं, हल्ला आवरतं आणि अळ्यांनी पोखरलेल्या उती दुरुस्त करायला घेतं. थोडे जंत सोसायचे, पण स्वतःचं घर पेटवायचं नाही, असा हा तह आहे.

हा तह मोडला की काय होतं, ते विदर्भानं पाहिलं आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा या भागांत डासांमुळे पसरणारा हत्तीरोग जुना आहे. त्याचे जंत लसिकावाहिन्यांत सहा ते आठ वर्षं जगतात आणि त्यांची सूक्ष्म पिल्लं रात्री रक्तात उतरतात. म्हणून तर तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्री रक्ताचे नमुने घेत फिरतात. रक्तात हजारो पिल्लं असलेला माणूस वरून धडधाकट दिसू शकतो, कारण त्याच्या शरीरानं प्रतिकार आवरलेला असतो. पाय सुजून दगडासारखा झालेल्या रुग्णाच्या रक्तात मात्र पुष्कळदा पिल्लं सापडतच नाहीत. जंतांनी बिघडवलेल्या लसिकावाहिन्या, त्यांच्याविरुद्ध उसळलेला दाह आणि वरून होणारा जिवाणूंचा संसर्ग, यांतून ती सूज वाढत जाते.

हत्तीरोगाविरुद्धच्या सामुदायिक औषधोपचार मोहिमेत गोळ्या घेतल्यावर काहींना ताप येतो, डोकं दुखतं, चक्कर येते. मग गावात भीती पसरते आणि शेजारीपाजारी गोळ्या घ्यायचं टाळतात. हे बहुतेकदा औषधाचं विष नसतं. पिल्लं एकदम मरतात, त्यांचे अवशेष रक्तात पसरतात आणि इतके दिवस आवरून बसलेली प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. त्रास झाला तर आरोग्य केंद्रात जरूर दाखवावं. पण तो त्रास म्हणजे जंत अंगात होते याची खूण असू शकते, एवढं जर गोळी देतानाच समजावून सांगितलं, तर कितीतरी गोळ्या खिडकीतून बाहेर जायच्या वाचतील.

या तहाचा फायदाच होतो, असंही काही जण सुचवतात. गॅबनमधल्या मुलांवरचा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. रक्तात परजीवी कृमी असलेल्या मुलांच्या त्वचेवर धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी कमी दिसली. यातून नवी औषधं सापडली तर उत्तमच. पण म्हणून लेकराच्या पोटात जंत राहू द्यावेत, असं कोणीही म्हणू नये. आकड्या जंत रक्त पितात. पंडुरोग झालेल्या मुलीला वर्गात बसवत नाही आणि गरोदर बाईच्या जिवाशी खेळ होतो. तह शरीरानं नाइलाजानं केलेला असतो.

माणसासाठी जंतांवरची लस अजून वापरात आलेली नाही. तरीही नारू या जंतरोगाची आठवण धीर देते. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या पायविहिरींच्या पाण्यातून तो व्हायचा. एकदा होऊनही शरीर शहाणं होत नसे. त्याच माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा नारू व्हायचा. त्यावर ना लस होती, ना जंत मारणारं औषध. लोकांनी पाणी फडक्यानं गाळलं, पायविहिरी बंद झाल्या, हातपंप आले, रुग्णांना पाण्यात उतरू दिलं नाही. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला.

पोटातल्या जंतांचंही गणित तेच आहे. गोळी आतले जंत पाडते, पण अंगणातल्या मातीतली अंडी तशीच राहतात आणि शरीर पुढच्या अळीला पूर्ण अडवू शकत नाही. म्हणून सहा महिन्यांनी येणारी गोळी प्रत्येक मुलानं घ्यायलाच हवी. पण शाळेत पाणी असलेला संडास, हात धुवायला साबण, पायात चप्पल आणि शेतावरच्या मजुरांसाठीही शौचालय, या गोष्टी गोळीइतक्याच नेमानं द्यायला हव्यात. जे काम शरीराला जमत नाही, ते गावानं आणि सरकारनं करायचं असतं, आणि नारूच्या वेळी आपण ते करून दाखवलं आहे.