गोळीची पाळी आणि अंगाची पाळी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसांत रात्री दोन वाजता घामाघूम होऊन उठलेल्या बाईला घरात कोणी विचारत नाही, काय झालं म्हणून. सगळेच घामाघूम असतात. ‘आंगनी आग व्हस,’ असं ती सकाळी ओट्यावर बसून शेजारणीला सांगते. शेजारीण म्हणते, माठातलं पाणी पी, सब्जा भिजवून घे, उन्हात जाताना कांदा जवळ ठेव. विषय तिथेच संपतो. तीच आग डिसेंबरात, भरिताच्या वांग्यांच्या हंगामात, गोधडीखाली झोपलेली असताना उसळली, तर मात्र तिचं तिलाच काही उमगत नाही.

तिचं वय अडतीस असेल आणि पाळी दर अठ्ठावीस दिवसांनी नेमाने येत असेल, तर ‘आपली पाळी जायची वेळ आली की काय’ ही शंका तिच्या मनाला शिवतही नाही. पाळी तर येतेय! पण ती बाई गेली काही वर्षं सरकारी दवाखान्यातून मिळणारी ‘माला-एन’ घेत असेल, तर दर महिन्याला दिसणारं ते रक्त तिच्या अंगाच्या पाळीचं नसतं. ते गोळीचं असतं.

हा फरक समजून घ्यायला गोळीचं पाकीट उलगडून बघावं लागतं. ‘माला-एन’च्या पट्टीत २८ गोळ्या असतात. त्यातल्या २१ गोळ्यांत दोन हार्मोन असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं लेव्होनॉरजेस्ट्रेल. उरलेल्या ७ गोळ्या निव्वळ लोहाच्या. एकवीस दिवस बाहेरून हार्मोन मिळत असल्यामुळे मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी अंडाशयांना हुकूम सोडणं थांबवते. अंडं तयार होत नाही, म्हणून दिवस राहत नाहीत. मग लोहाच्या आठवड्यात हार्मोन अचानक तुटतं, गर्भाशयाचं अस्तर गळतं आणि अंगावरून जातं. दिसायला ती पाळीच असते, पण अंडाशयं काम करताहेत की नाहीत, याच्याशी तिचा संबंध नसतो. अंडाशयं थकून कायमची बंद पडली असली, तरी पट्टी सुरू असेपर्यंत हे रक्त येत राहू शकतं.

ही रचना मुद्दामच केलेली आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत ग्रेगरी पिंकस आणि जॉन रॉक यांनी गोळी घडवली, तेव्हा महिन्याचं चक्र नैसर्गिक वाटावं म्हणून तिच्यात खंड ठेवला गेला. १९६० मध्ये गर्भनिरोधक म्हणून तिला तिथे मान्यता मिळाली. दर महिन्याला रक्त दिसलं की बाईला हायसं वाटतं, दिवस राहिले नाहीत याची खात्री पटते. ती खात्री बहुतांशी खरी आहे. मात्र त्याच रक्ताकडे बघून ‘आपली पाळी व्यवस्थित सुरू आहे’ असं मानणं चुकीचं ठरतं, आणि ही चूक गोळी लिहून देणाऱ्यांकडूनही होते.

भारतीय बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास कायमची थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. चाळीस ते पंचेचाळीसच्या दरम्यान थांबली तर ती लवकरची रजोनिवृत्ती. चाळिशीच्या आतच अंडाशयांचं काम मंदावलं तर डॉक्टर त्याला अंडाशयांची अकाली अकार्यक्षमता म्हणतात. अशा स्त्रिया शंभरात एक असतात, असं वर्षानुवर्षं शिकवलं जात होतं. २०२४ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने तो आकडा साडेतीन टक्क्यांपर्यंत नेला. कर्करोगावरची केमोथेरपी, अंडाशयावरची शस्त्रक्रिया, शरीराने स्वतःच्याच पेशींवर उलटणं, गुणसूत्रांमधले दोष ही त्यामागची माहीत असलेली कारणं. पुष्कळ जणींत कारण सापडतच नाही. गोळी मात्र त्या कारणांत बसत नाही. ‘गोळ्या खाऊन पाळी लवकर गेली’ असं सर्रास बोललं जातं, ते खरं नाही. गोळीने पाळी लवकर जात नाही. झालेला बदल तेवढा झाकला जातो.

मग झाकलेलं ओळखायचं कसं? आधी त्या आगीकडे नीट बघावं लागतं. उन्हाची काहिली सावलीत आल्यावर, पंख्याखाली बसल्यावर उतरते. रजोनिवृत्तीची आग न बोलावता येते. छातीतून उसळून मानेवर, चेहऱ्यावर चढते, दोन-चार मिनिटं राहते, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो आणि नंतर हुडहुडीही भरते. संयुक्त गोळी घेणाऱ्या बाईत तिची आणखी एक खूण असते. एकवीस दिवस बाहेरचं इस्ट्रोजेन ही आग दाबून ठेवतं, आणि ती उसळते लोहाच्या गोळ्यांच्या आठवड्यात. त्याच आठवड्यात झोप उडणं, विनाकारण रडू येणं, शरीरसंबंधाच्या वेळी कोरडेपणामुळे दुखणं असं सोबत येत असेल, तर दोन-तीन महिने कॅलेंडरवर खुणा कराव्यात. घरात दिनदर्शिका असतेच. त्या खुणा दर वेळी लोहाच्याच दिवसांत पडू लागल्या, तर डॉक्टरांना दाखवण्यासारखा तो पुरावा आहे. नुसती डोकेदुखी तेवढी पुरेशी नाही, त्या आठवड्यात ती बऱ्याच जणींना होते. गोळीवरचं रक्त कमी होत जाणं हीदेखील खूण नव्हे, तो गोळीचा नेहमीचा परिणाम आहे. आणि रात्री घाम येतो, शिवाय संध्याकाळी ताप चढतो, वजन उतरतं असं असेल, तर आधी क्षयरोगाची तपासणी व्हायला हवी.

गोळीची गोष्ट एवढी स्पष्ट तरी आहे. ‘अंतरा’ची जास्त गुंतागुंतीची आहे. दर तीन महिन्यांनी दिलं जाणारं हे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलं. त्याआधी १९८० च्या दशकात अशा इंजेक्शनांविरुद्ध स्त्री-संघटना थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या होत्या. बाईला पुरेशी माहिती न देता ती टोचली जातील, ही त्यांची भीती होती. माहिती देण्याचा तो मुद्दा आजही तितकाच खरा आहे. ‘अंतरा’त इस्ट्रोजेन नसतं. सुरुवातीला रक्त अधूनमधून जातं आणि वर्षभरात बऱ्याच जणींची पाळी थांबते. आशाताई आधीच सांगून ठेवतात की पाळी थांबेल, घाबरू नका. ते योग्यच आहे. पण बाईचं वय एकोणचाळीस-चाळीस असेल, तर पाळी इंजेक्शनमुळे थांबली की अंडाशयांमुळे, हे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. इंजेक्शन बंद केल्यावरही पाळी लगेच परतत नाही. शेवटच्या इंजेक्शनानंतर दिवस राहायलाच सात ते दहा महिने लागू शकतात.

चाळीसगाव, साक्री भागातून कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर जाणाऱ्या बायकांचं इथे फार अवघड होऊन बसतं. इंजेक्शनची तारीख फडावर असताना उलटून जाते, परत आल्यावर पाळी नाही, आणि ‘सुईचाच परिणाम असेल’ म्हणत आणखी वर्ष निघून जातं. सुई चुकलेली असेल तर पहिली शंका दिवस गेल्याची घ्यायची, आणि लघवीची तपासणी करायची. ती स्वस्त आहे, आशाताईंकडेही होते.

‘छाया’चा प्रकार निराळा. ही आठवड्याची गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत ती शोधली गेली. हिच्यात हार्मोन नाही, पाळी अंगाचीच येते, फक्त तिचं चक्र लांबू शकतं. तांबीनेही अंगाची पाळी झाकली जात नाही. नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या बायकांचंही तेच. महाराष्ट्रात गर्भनिरोधनाचा सर्वांत मोठा भार अजून ऑपरेशनवरच असल्यामुळे बहुतेकींची पाळी गेली की ती गेल्याचं कळतं. कळत नाही ते गोळी, सुई आणि हार्मोनची तांबी वापरणाऱ्यांना.

आणि आणखी एका गटाला, ज्याचा विचार क्वचितच होतो. खान्देशात श्रावणात कानबाई बसते. रोट करायचे असतात, सोवळं असतं. घरात लग्न असतं, वणीच्या गडावर जायचं असतं. पाळी नेमकी तेव्हाच येणार असेल तर औषधाच्या दुकानातून ‘पाळी लांबवायच्या गोळ्या’ आणल्या जातात. त्यातलं नॉरएथिस्टेरॉन हेही हार्मोनच आहे. पुढे पाळी चुकायला लागली की उलट ‘पाळी यायच्या गोळ्या’ मिळतात. पाच-दहा दिवस घ्यायच्या, थांबवल्या की रक्त येतं, आणि सगळं ठीक म्हणून घरी जायचं. पण अंडाशयं मंदावलेल्या कितीतरी बायकांनाही या गोळ्यांनी रक्त येतं, कारण अंडाशयं एकदम बंद पडत नाहीत, थांबत-थांबत चालतात. तीन-चार महिने पाळी नाही, गोळ्या घेतल्या की आली, पुन्हा नाही, असं पस्तिशीत दोनदा झालं तर तिसऱ्यांदा गोळ्या आणण्याऐवजी रक्त तपासायला हवं. या एका सवयीपायी कित्येक बायकांची वर्षं वाया जातात, असं ठामपणे म्हणायला हवं.

तपासायचं ते एफएसएच. अंडाशयं साद देईनाशी झाली की पिट्युटरी जास्त जोरात हाका मारते, त्या हाकेचं मोजमाप म्हणजे हा आकडा. चार महिने तरी पाळी अनियमित किंवा बंद आणि एफएसएच २५ च्या वर, तर निदानाकडे बोट जातं. शंका उरली तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासतात, त्यानंतरही संदिग्ध राहिलं तर एएमएच हे आणखी एक हार्मोन. सोबत थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनही बघतात, कारण त्यांच्या बिघाडानेही पाळी थांबते. अडचण अशी की संयुक्त गोळी ही हाकच दाबून टाकते. गोळी सुरू असताना केलेल्या तपासणीत आकडा कमी येतो, कागदावर ‘नॉर्मल’ छापून येतं, आणि बाई निश्चिंत होते. पैसे जातात, खोटा दिलासा मिळतो. म्हणून गोळी साधारण सहा आठवडे थांबवून मगच रक्त द्यायचं, आणि तेवढ्या काळात निरोध वापरायचा किंवा तांबी बसवायची. हे डॉक्टरांशी बोलूनच करावं. ‘अंतरा’ घेणारीने पुढच्या इंजेक्शनच्या तारखेला, ते टोचण्याआधी रक्त दिलं तर आकडा बऱ्यापैकी उपयोगी पडतो. तो उंच आला तर गांभीर्याने घ्यायचा, साधा आला म्हणून शंका मिटली असं समजायचं नाही. हार्मोनच्या तांबीने या तपासणीत फारसा अडथळा येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, पाळीची कटकट गेली तर बरंच की, असं बायका म्हणतात. पण पाळीबरोबर इस्ट्रोजेनही जातं. ते दहा-बारा वर्षं आधीच गेलं तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. कापूस वेचणाऱ्या, डोक्यावर भारा वाहणाऱ्या बाईच्या कमरेला आणि मनगटाला त्याची किंमत मोजावी लागते. ‘अंतरा’ घेतानाही हाडांची घनता थोडी उतरते, बंद केल्यावर ती बहुतांशी भरून येते. पण अंडाशयं आधीच थकलेल्या बाईत हे नुकसान दुहेरी होतं. निदान झालं तर उपाय आहे. नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत हार्मोन भरून देता येतं, गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने हार्मोनविषयी जगभर धास्ती पसरवली होती. त्या अभ्यासातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. अडतिशीतल्या बाईला तो हिशोब लागू होत नाही. एक मात्र लक्षात ठेवायचं. भरून दिलेलं हार्मोन गर्भनिरोधक नाही, आणि अंडाशयं अकाली मंदावलेल्या पाच ते दहा टक्के स्त्रियांना पुढेही आपोआप दिवस राहू शकतात.

पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेल्या बाईचं रक्तच थांबलेलं असतं, म्हणून तिच्याबाबतीत हा सगळा शोध आणखी कठीण. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकण्याची शक्यता वाढते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची पाहणी आली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. ही आकडेवारी मराठवाड्याची, पण कोयता खान्देशातूनही जातो.

धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय महाविद्यालयात केसपेपर काढताना गोळीची रिकामी पट्टी, ‘अंतरा’चं कार्ड आणि खुणा केलेलं कॅलेंडर जवळ असलेलं बरं. जायच्या आधी आईला एक फोन करावा: तुझी पाळी कितव्या वर्षी गेली, आणि आपोआप गेली की पिशवी काढली? आईची किंवा बहिणीची पंचेचाळिशीच्या आत आपोआप गेली असेल, तर डॉक्टरांसाठी ती मोलाची माहिती असते. आईचं उत्तर ‘पिशवी काढली’ असं आलं, तर तिच्या अंडाशयांविषयी काहीच कळत नाही. मग दुसरा फोन मावशीला.