थरथर कुठून येते?

सिग्नलला गाडी उभी. एसी ऑन. आणि स्टिअरिंगला बारीकशी थरथर, जणू मोबाइल व्हायब्रेटवर ठेवलाय. डॅशबोर्डचा कुठलातरी कोपरा किरकिरतोय. फर्स्ट टाकून क्लच सोडला की बॉनेटखाली 'ठक्'. यावर आपण करतो काय? म्युझिकचा आवाज वाढवतो!

माझ्या सेकंड-हँड हॅचबॅकने हे सगळे प्रकार सुरू केले तेव्हा मी दोन ठिकाणी दाखवलं. पहिल्या ठिकाणी क्लच प्लेट बदलायचं ठरलंसुद्धा, भरभक्कम एस्टिमेटसह. दुसऱ्या गॅरेजमधल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, मला हँडब्रेक ओढून ब्रेक घट्ट दाबून ठेवायला सांगितलं आणि स्वतः बाजूला उभे राहिले. "फर्स्ट टाका, क्लच थोडासाच सोडा. आता रिव्हर्स." इंजिन चक्क कूस बदलल्यासारखं हललं. "मॅडम, क्लच ठणठणीत आहे. फाउंडेशन गेलंय."

फाउंडेशन हा गॅरेजमधला शब्द. पुस्तकी नाव इंजिन माउंट. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून शंभर किलोहून जास्त वजन, पण ते बॉडीला थेट नटबोल्टने आवळलेलं नसतं. मधे असतो लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा ब्रॅकेट आणि त्यात चिकटवलेलं रबर. बहुतेक छोट्या गाड्यांत एक माउंट इंजिनाच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला आणि खाली हाडाच्या आकाराचा एक रॉड. वरचे दोघे वजन उचलतात, खालचा इंजिनाला झोके घेऊ देत नाही.

रबरच का? चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमवर आयडल असताना सेकंदाला सुमारे २७ स्फोट होतात. तीन सिलिंडरचं असेल तर २०, आणि ते मुळातच जरा डोलणारं. हे धक्के गिळायला रबर मऊ हवं. पण गाडी उचलताना नेमकं उलटं हवं! समजा इंजिनाचा टॉर्क १०० न्यूटन-मीटर आहे. फर्स्ट गिअर आणि डिफरन्शियल मिळून तो साधारण चौदापट करतात, म्हणजे चाकांपाशी १,४००. चाकं एका दिशेला फिरतात, तेवढ्याच जोराने इंजिन-गिअरबॉक्सचा गठ्ठा उलट्या दिशेला पिळतो. तो धरून ठेवायचा माउंट्सनी. म्हणून ती 'ठक्' फर्स्ट आणि रिव्हर्सलाच जास्त ऐकू येते, आणि म्हणून बंपर-टू-बंपर ट्रॅफिक हा या रबराचा खरा शत्रू. इंजिनाची उष्णता आणि गळणारं ऑइल उरलंसुरलं काम करतात.

हा मऊ-कडक झगडा जुना आहे. १९३१ साली क्रायस्लरने प्लिमथ गाडीत 'फ्लोटिंग पॉवर' आणली: इंजिन रबरावर असं टांगलं की ते स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवतीच डोलेल. फ्रान्सच्या सित्रोएनने ती कल्पना घेतली आणि आपल्या चिन्हावर चक्क पोहणारा हंस काढला. (आजच्या मार्केटिंगवाल्यांनी शिकावं!) पुढे हायड्रॉलिक माउंट आले: रबराच्या पोटात द्रव, दोन कप्पे, मधे अरुंद वाट. बारीक थरथर सोडून देतात, मोठा झोका दाबतात. त्यांच्याखाली काळपट ओघळ दिसला तर समजा, द्रव बाहेर पडलाय.

मॉडिफिकेशनवाले मित्र पॉलियुरेथेनचे कडक माउंट सुचवतील. रेसट्रॅकवर ठीक, पण रोज ऑफिसला जाताना मिक्सरवर बसल्याचा फील हवाय का तुम्हाला?

थरथर म्हटलं की माउंटच, असंही नाही. खराब स्पार्क प्लग किंवा घसरलेला आयडल स्पीडही हेच करतो, तो आधी तपासून घ्या. मिस्त्रींचा तो प्रयोग मात्र एकट्याने नको, आणि गाडीच्या समोर तर कुणीच नको. एक माउंट गेला की त्याचा भार बाकीच्यांवर पडतो, एक्झॉस्टचे जोड आणि होज पाइपही ताणले जातात. माझ्या गाडीचा गिअरबॉक्सकडचा माउंट फाटला होता, खालच्या रॉडचं रबरही सैल. दोन्ही बदलले. बिल क्लचच्या एस्टिमेटच्या पाव हिश्शातच आटोपलं.