खोडण्याऐवजी जोडणे : मॉन्तेनच्या निबंधांतील वाढ

वर्षानुवर्षे नेमाने लिहिणारा माणूस लिहिण्यामुळे बदलतो, असे आपण सहज म्हणतो. पण हा बदल तपासायचा कसा? लेखकाने स्वतःच्या वाढीविषयी सांगितलेले पुरावा म्हणून पुरत नाही. स्मरण आजच्या सोयीने कालचा माणूस घडवत असते. मी गेली पंचवीस वर्षे वाचनाच्या टिपणवह्या लिहितो आहे, म्हणून हा प्रश्न माझाही आहे. त्याचे तपासून पाहता येईल असे उत्तर मला मिशेल द मॉन्तेन (१५३३–१५९२) या फ्रेंच निबंधकाराकडे मिळाले. मला फ्रेंच येत नाही. माझे वाचन इंग्रजी अनुवादांवर आधारलेले आहे.

१५७१ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मॉन्तेन सार्वजनिक कामातून निवृत्त झाला आणि बोर्दोजवळच्या आपल्या गढीच्या बुरुजातील ग्रंथालयात लिहू लागला. आपल्या लेखनाला त्याने ‘एसे’ हे नाव दिले. त्याचा अर्थ प्रयत्न किंवा चाचणी. आपल्या ‘निबंध’ शब्दात बांधणे आहे. त्याच्या शब्दात अजमावून पाहणे आहे. १५८० मध्ये दोन खंड निघाले. १५८८ च्या आवृत्तीत तिसरा खंड आला, शिवाय पहिल्या दोन खंडांत सहाशे भर घातल्याचे मुखपृष्ठावरच नमूद केले होते. त्या आवृत्तीच्या एका प्रतीच्या समासांत तो मृत्यूपर्यंत लिहीत राहिला. ती प्रत आजही बोर्दोत जपलेली आहे.

त्याने किरकोळ शब्द बदलले, क्वचित काही वगळलेही; पण मत बदलले म्हणून जुना मजकूर काढून टाकायचा नाही, ही त्याची रीत होती. म्हणूनच आजच्या अनेक आवृत्त्यांत ए, बी, सी अशा खुणांनी हे तीन थर वेगळे दाखवता येतात. खडकाचे थर वाचावेत तसा माणूस वाचता येतो.

मृत्यूचेच पाहा. पहिल्या खंडात तो प्राचीन तत्त्वज्ञांच्या बळावर सांगतो की, मृत्यूचे सतत चिंतन करावे म्हणजे त्याचे भय जाते. पुढे यादवी युद्धाबरोबर त्याच्या प्रदेशात प्लेगही आला. ग्रंथ न वाचलेले शेतकरी शांतपणे मरताना त्याने पाहिले. तिसऱ्या खंडात तो जवळजवळ उलट म्हणतो : मरणाच्या तयारीचाच जाच अधिक, जगणे नीट साधले की मरणे आपोआप जमते. हा बदल केवळ पुस्तकांतून आलेला नाही. पण आधीचे लिहिलेले समोर नसते, तर बदल झाला हे कळलेच नसते.

दुसरा पुरावा लहान, पण मला अधिक हलवणारा आहे. १५६३ मध्ये त्याचा मित्र ला बोएती वारला. १५८० च्या निबंधात मॉन्तेन म्हणतो की, या स्नेहाचे कारण सांगता येत नाही. अनेक वर्षांनी समासात त्याने अर्ध्या ओळीचे उत्तर लिहिले. त्यात कारण म्हणून मित्राचे असणे आहे. मग वेगळ्या शाईत उरलेली अर्धी ओळ आली. तिच्यात तो स्वतः आहे. दुःखाला शब्द मिळायला इतका काळ लागला आणि त्यात स्वतःला जागा द्यायला आणखी काही.

यावरून मी एवढेच म्हणेन : नेमाने लिहिल्याने माणूस शहाणा होतोच असे नाही. मात्र जुने मत आणि नवे मत एकाच पानावर राहिले, तर त्यांच्यातले अंतर मोजता येते. ते अंतर म्हणजेच वाढ. संगणकावर जुना मजकूर पुसून त्या जागी नवा लिहिला की कोरी सफाई उरते, माग उरत नाही. म्हणून माझ्या वह्यांत मी उजव्या पानावर लिहितो आणि डावे पान कोरे ठेवतो. पुढे कधी मत बदलले, तर तारीख घालून तिथे लिहितो. उजवे पान तसेच राहते.