वेल थॉमसनचा, मूळ टेक्सासचं

फळछाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की नाशिकच्या निफाड-दिंडोरीतून डाऊनी या बुरशीरोगाच्या बातम्या येतात. मग एक प्रश्न हमखास विचारला जातो: खाण्याच्या द्राक्षाचे एवढे वाण असून डाऊनीला दाद न देणारा एकही कसा नाही?

नावं पुष्कळ असली तरी बहुतेकांचा वंश एकच, थॉमसन सीडलेसचा. बोरगावच्या वसंतराव आरवे यांनी त्यातली निराळी फूट हेरून तास-ए-गणेश दिला, नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका. शेतकऱ्याच्या नजरेला खरोखर सलाम! मणी लांबला, पण काडीपासून काडी लावत गेल्यामुळे बाकीची जनुकं जवळपास तीच राहिली. डाऊनीपुढचा दुबळेपणाही तसाच राहिला.

प्रतिकारशक्ती आहे ती अमेरिकेच्या रानवेलींत. मुळांवरची कीड फिलॉक्सेरा, भुरी आणि डाऊनी ही तिन्ही संकटं एकोणिसाव्या शतकात तिथूनच युरोपात गेली. रानवेली या शत्रूंच्या संगतीतच वाढल्या होत्या. युरोपच्या द्राक्षाला, म्हणजे थॉमसनच्याही जातीला, त्यांची ओळखही नव्हती. टेक्सासच्या टी. व्ही. मन्सन यांनी आयुष्यभर या रानवेली हुडकल्या, जोपासल्या. फिलॉक्सेराने उजाड केलेल्या फ्रान्सच्या बागा अमेरिकी खुंटांवर पुन्हा उभ्या राहिल्या, त्यात त्यांचा मोठा वाटा. 1888 मध्ये फ्रान्सने त्यांचा गौरवही केला. क्षार आणि पाण्याचा ताण सोसणारा आपला डॉगरिज खुंट हीसुद्धा मन्सन यांचीच निवड. नाशिकच्या कितीतरी बागा त्यांच्या वेलीवर उभ्या आहेत आणि आपल्याला त्यांचं नावही ठाऊक नाही, याची मला खंत वाटते.

पण खुंट मुळं सांभाळतो, पानं थॉमसनचीच राहतात. प्रतिकारशक्ती पानात आणायची तर संकर हवा, आणि बिनबियांच्या वेलीत भ्रूण मध्येच खुरटतो. तिला मादी करायचं तर तो कोवळा भ्रूण काढून प्रयोगशाळेत वाढवावा लागतो. पुण्याच्या आघारकर संस्थेने अमेरिकी कटावबा आणि ब्युटी सीडलेस यांच्या संकरातून एआरआय-516 हा बुरशीला तोंड देणारा वाण काढला. रसासाठी तो उत्तम. खाण्याच्या द्राक्षाचा करकरीतपणा आणायला मात्र पिढ्यान्‌पिढ्या संकर करावे लागतील.

सध्या रॉयल्टी भरून आणलेल्या परदेशी वाणांचा बोलबाला आहे. त्यातून रंग आणि मोठा मणी मिळतो, हे खरं. पण वाण विकत घेतला म्हणून त्यामागचा रानवेलींचा साठा आपल्या हाती येत नाही. आपला साठा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. त्यावरच्या संकराच्या कामाला एका हंगामाचा नव्हे, दोन दशकांचा पैसा हवा, आणि ही मागणी बागायतदार संघांनीच लावून धरायला हवी.