मालमोटारीचा विमा आणि व्यापाऱ्याची पत

व्यापार म्हटला म्हणजे जोखीम आलीच. आपल्या पूर्वजांनी ती ओळखून हिशेबात बसविली होती. जुन्या पेढ्यांवर जोखमी हुंडीचा व्यवहार चाले. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यावे लागत, वाटेत बुडाला तर लागत नसत. वाहतुकीच्या धोक्याचा विमा ही कल्पना त्यामुळे आपल्या वहीखात्यास नवी नाही. नवे आहे ते वाहन, आणि वाहनामागून आलेला कायदा. या कायद्याकडे आपल्यापैकी पुष्कळांचे दुर्लक्ष होते, म्हणून हा लेखप्रपंच.

पेडणे व डिचोली तालुक्यांत येणारे बरेचसे धान्य आज मालमोटारीनेच येते. बेळगावचा माल चोर्ला घाट उतरून साखळीस येतो. कोल्हापूर-निपाणीकडील माल आंबोली घाटाने सावंतवाडी, बांदा व पत्रादेवीमार्गे पेडण्यास पोहोचतो. १९६१ पूर्वी या वाटांवर परक्या सरकारची सरहद्द आडवी येई. ती गेली, घाट आणि पाऊस मात्र तेच आहेत.

सुमारे दहा वर्षांपूर्वी आषाढात आमचा टेम्पो बेळगावहून तांदळाची साठ पोती घेऊन येत होता. घाटाच्या माथ्यावर एका मजुराची शेवटची बस चुकली होती. चालकाने माणुसकीने त्याला पोत्यांवर बसवून घेतले. घाट उतरल्यावर गाडी घसरून चरात कलंडली. मजुराचा पाय मोडला आणि बावीस पोती भिजून गेली. गाडीचा विमा चालू होता, चालकाचा परवानाही नियमित होता. म्हणून आम्ही निर्धास्त होतो. विमा कचेरीतून उत्तर आले की, मालवाहू गाडीत फुकट बसविलेल्या प्रवाशाची भरपाई या विम्यात येत नाही, आणि तांदळाचा विमा तर आम्ही उतरविलेलाच नाही. विमापत्र काढून वाचले, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे निघाले. ते विमापत्र आम्ही त्या दिवशी प्रथमच वाचले, हे कबूल करण्यास संकोच वाटतो.

सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या डिसेंबरात हाच निर्णय दिलेला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालाचा मालक अथवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी यांस गाडीत बसण्यापुरते संरक्षण मिळाले. परंतु तेही चालकाच्या केबिनमध्ये, पोत्यांवर नव्हे. चढ-उतारासाठी हमाल बरोबर नेत असल्यास विमापत्रात त्यांची संख्या नोंदवून थोडा जादा हप्ता भरावा.

आता मुख्य भेद सांगतो. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याने सक्तीचा केलेला विमा तो त्रयस्थाचा, म्हणजेच ‘थर्ड पार्टी’. आपल्या गाडीने दुसऱ्यास इजा वा मृत्यू आला तर त्याची भरपाई यातून होते. तो नसल्यास पहिल्या गुन्ह्यास २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही. पुढील गुन्ह्यास दंड ४,००० रुपये. पण खरी शिक्षा दंडाची नव्हे. न्यायाधिकरणाने ठरविलेली लाखोंची भरपाई मालकास स्वतःच्या तिजोरीतून द्यावी लागते आणि एका अपघातात पिढीजात दुकान बसू शकते. १ जून २०२२ पासूनच्या दरात ७,५०० किलोपर्यंत एकूण भाराच्या भाडोत्री मालगाडीस या विम्याचा वार्षिक हप्ता कर सोडून १६,०४९ रुपये ठरला होता. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा निराळा, आणि आतील मालाचा त्याहून निराळा.

पुष्कळ सभासद भाड्याच्या गाडीने माल आणवितात व वाहतूकदार जबाबदार आहे असे समजून स्वस्थ राहतात. २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालील नियमांनुसार, मालाचे अधिक मूल्य आधी लिहून देऊन जादा दर भरला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरतीच राहते. दहा टन तांदूळ चाळीस रुपये किलोने चार लाखांचा झाला आणि भाडे दहा हजार असले, तर हाती येणार एक लाख. नुकसानीची लेखी सूचनाही माल नोंदविल्यापासून १८० दिवसांत द्यावी लागते. मालाचा स्वतंत्र वाहतूक-विमा का हवा, हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

आणखी दोन गोष्टी. विमा उतरविताना गाडी स्वतःचा माल वाहणारी की भाड्याने वाहणारी, हे खरे सांगावे. परतीच्या फेरीत शेजाऱ्याच्या काजू-नारळाचे चार पैसे घेतल्याने दावा अडू शकतो. दुसरे, क्षमतेहून अधिक पोती लादू नयेत; त्यास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे, शिवाय ब्रेक लागत नाहीत ते वेगळेच.

त्या मजुराचे काय झाले, असे वाचक विचारतील. कायद्याने कोणाचे काय देणे लागते हा वाद आम्ही लांबविला नाही. आमच्या मातोश्री एवढेच म्हणाल्या, “आपल्या गाडीत बसला तो आपला पाहुणा. त्याची चूल थंड राहिली तर तुझी पेढी कशाला उघडायची?” औषधोपचार आणि सहा महिन्यांची मजुरी आम्ही दिली. ती रक्कम त्या वर्षीच्या नफ्यातून गेली, आणि योग्य ठिकाणी गेली असे आम्ही मानतो. तथापि केबिनमध्ये जागा नसताना कोणासही गाडीत घ्यायचे नाही, अशी ताकीद आम्ही त्याच दिवशी चालकास दिली. त्याच्या माणुसकीला बोल लावण्याचा त्यात हेतू नव्हता.

सभासद बंधूंस नम्र विनंती एवढीच की, येत्या दिवाळीस वहीपूजन झाल्यावर नव्या वहीच्या पहिल्या पानावर प्रत्येक गाडीच्या विम्याची मुदत लिहून ठेवावी, आणि विमापत्र एकदा स्वतः वाचावे. मुनिमावर सोपवू नये. ज्याच्या नावावर गाडी, त्याच्याच नावावर तिची जबाबदारी.