पन्नास चिंचोक्यांचं पाणी

लातूर जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा, आठवीचा वर्ग. बाकं भिंतीकडं सरकवलेली. मधोमध सतरंजीवर स्टीलचं पातेलं, त्यात पन्नास चिंचोके : गावाचं भूजल. भोवती पाच ‘शेतकरी’ मांडी घालून बसलेत आणि बाकीचा वर्ग त्यांच्या खांद्यांवरून वाकतोय.

सर नियम सांगतात. ऊस लावला तर तीन चिंचोके उचलायचे, पाच हजार मिळतील. हरभऱ्याला एकच चिंचोका, पण दोन हजार. वर्ष सरलं की पावसाचे पाच चिंचोके पातेल्यात. आपसात बोलायचं नाही. चिठ्ठीवर ‘ऊ’ किंवा ‘ह’ लिहायचं.

पाचही चिठ्ठ्यांवर ‘ऊ’. पुढच्या साली तेच, त्याच्या पुढच्या साली तेच. चौथा पाऊस पडून गेल्यावर पातेल्यात दहाच उरतात. ऊस तिघांपुरताच.

“मी आधी हात घातला!”

“तुझ्या बापाची हीर हाय का?”

न बोलायचा नियम तिथंच बुडतो. आंध्र प्रदेशातल्या गावांत संशोधकांनी भूजलाचा असाच खेळ खऱ्याखुऱ्या शेतकऱ्यांबरोबर खेळून पाहिलाय. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा ही पोरं अंगणवाडीच्या वयाची. पाणीबचतीचा धडा ती घडाघडा म्हणून दाखवतात. ‘ऊ’ लिहिताना तो कुणालाच आठवलेला नाही.

दुसरा डाव. आता बोलायला मुभा आहे. लाल रिबिनीवाली पोरगी म्हणते, “पाळी लावू. दरसाल एकानंच ऊस करायचा, बाकीच्यांनी हरभरा.” वहीच्या मागच्या पानावर ती आकडे मांडते : दहा वर्षांत प्रत्येकाला ऊस दोनदा, हरभरा आठदा, एकूण सव्वीस हजार. मघाशी चार वर्षांत वीसच झाले होते. वर पातेल्यात तीस चिंचोके शिल्लक! सर तो हिशेब दोनदा तपासतात.

तिसऱ्या साली चिठ्ठ्यांत दोन ‘ऊ’ निघतात.

“कोण रे हा?” कुणीच कबूल होत नाही. अक्षरावरून चोर सापडतो. दोन हजार दंड, असं ठरतं. चोर मात्र खुशीत. “चालंल की! दंड भरून तीन हजार उरतात. हरभऱ्यात दोनच.”

“मग किती ठेवायचा?” सर खडू उचलतात.

“चार!” “पाच!” मागून कुणी तरी “दहा!” ओरडतं, आणि मघाची रिबिनवाली घाईघाईनं हात वर करते. “सर, दहा नको. चुकून लागला ऊस तर?”