राखीव जागांचा हुकूम, करवीर (१९०२)

कोल्हापूर (करवीर) संस्थानाचे अधिपती छत्रपती शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानी नोकऱ्यांत जागा राखून ठेवण्याविषयी काढलेला हुकूम. २६ जुलै १९०२ रोजी तो करवीर सरकारच्या गॅझेटात प्रसिद्ध झाला. त्या वर्षी मेअखेर बोअर युद्ध संपले व ऑगस्टमध्ये लंडनला सातव्या एडवर्डचा राज्याभिषेक झाला. त्या समारंभासाठी महाराज इंग्लंडला गेले असतानाच हा हुकूम निघाला.

महाराजांनी १८९४ मध्ये राज्यसूत्रे स्वीकारली, तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण होते. १८९५ मध्ये शाहूपुरी ही व्यापारपेठ वसविण्यात आली व १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा वसतिगृह निघाले. तथापि उच्च शिक्षणाची ओढ लागावयाची, तर शिकलेल्यांना नोकरीची वाट मोकळी हवी, ही या हुकुमामागील भूमिका होती.

हुकुमान्वये यापुढे रिक्त होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्यांसाठी राखण्यात आल्या. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व अन्य पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे सर्व मागासलेले मानले गेले. ज्या कार्यालयात त्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथे पुढील नेमणूक त्यांच्यातूनच करावयाची होती. नेमणुकांचे त्रैमासिक विवरणपत्र पाठविणे कार्यालयप्रमुखांवर बंधनकारक असल्याने हुकूम कागदावरच राहिला नाही. १९१२ मध्ये ९५ जागांपैकी ब्राह्मणांकडे ३५ होत्या.

पुढे भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६(४) मध्ये, सेवांत पुरेसे प्रतिनिधित्व नसलेल्या मागास वर्गांसाठी जागा राखण्याचे तत्त्व स्वीकारण्यात आले.